भूमीचें वाचन : नकाशा, उपग्रह आणि आंकडे यांची विद्या



शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न उपस्थित होतो : पुढें काय? बहुतेक घरांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें आधींच तयार असतात. एक वैद्यकी आणि दुसरें संगणकाचें इंजिनिअरिंग. दोन्ही उत्तरें चांगलीं आहेत. परंतु भूगोलाच्या तासाला ज्याचें मन रमतें आणि गणिताच्या तासाला ज्याला भीति वाटत नाहीं, अशा मुलास किंवा मुलीस तिसरेंहि एक उत्तर देतां येतें. तें मात्र पुष्कळ घरांत कोणाच्या ऐकिवांतहि नसतें. विश्वविद्यालयांत भूस्थानिक तंत्रविद्या आणि पर्यावरणविषयक आंकडेशास्त्र या नांवांनीं जी विद्या शिकविली जाते, तिचा परिचय करून देण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे. नांव लांबलचक असलें तरी तींत मूळ प्रश्न दोनच आहेत. अमुक वस्तु पृथ्वीवर नेमकी कोठें आहे? आणि ती काळाबरोबर कशी बदलत आहे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर नकाशा देतो, दुसऱ्याचें आंकडे देतात. आणि या दोहोंची सांगड घालणें हेंच या विद्येचें काम होय.

ही विद्या कशाकरितां?

ता. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्यांत मुसळधार पावसानें डोंगराचा कडा खचला आणि माळीण हें गांव चिखलाखालीं गाडलें गेलें. सुमारें दीडशें माणसें मृत्यु पावलीं. गांव नाहींसें झाल्याची वार्ता प्रथम बाहेर आणिली ती एस्.टी.च्या एका चालकानें. रोजच्या रस्त्यानें गाडी घेऊन तो गेला, तों जेथें गांव असावयाचें तेथें त्याला मातीचा ढीग दिसला. पुढें २०२१ सालीं रायगड जिल्ह्यांत तळिये येथें आणि २०२३ सालीं त्याच जिल्ह्यांत इरशाळवाडी येथें तसाच आकांत झाला.

अशा प्रसंगीं "देवाची करणी" असें म्हणून गप्प बसणें सोपें असतें. परंतु दरड कोसळण्यास कारणें असतात, आणि तीं बरींचशीं मोजतां येतात. उताराचा कोन किती आहे, खडकावर मातीचा थर कसा आहे, पाण्याचे ओहोळ कोठून वाहतात, झाडें आहेत कीं तोडलीं गेलीं, उतार कापून जमीन सपाट केली आहे काय, आणि मागील तीन दिवसांत पाऊस किती पडला, हे ते प्रश्न होत. यांपैकीं प्रत्येकाचा एकेक नकाशा पारदर्शक कागदावर काढिला आणि ते सर्व एकावर एक ठेविले, तर ज्या जागीं अनेक धोके एकत्र येतात ती जागा उठून दिसेल. हेंच काम संगणकावर करण्याच्या पद्धतीस भौगोलिक माहिती प्रणाली, अथवा सर्वत्र रूढ असलेल्या अक्षरनामानें जी.आय्.एस्. म्हणतात. कॅनडासारख्या विस्तीर्ण देशांतील जमिनीची मोजदाद करण्यासाठीं १९६० नंतरच्या दशकांत रॉजर टॉमलिन्सन यांनीं अशी पहिली मोठी प्रणाली उभारिली.

दरड कोणत्या दिवशीं, कोणत्या घटकेस कोसळेल हें ही विद्या सांगूं शकत नाहीं. कोणत्या वाडीवर लक्ष ठेवावें आणि कोणत्या पावसांत माणसें आधींच हलवावीं, एवढें मात्र ती सांगूं शकते. तेवढ्यानेंहि पुष्कळ जीव वांचतात.

थोडा पूर्वेतिहास

ही विद्या परकी किंवा अगदीं कालपरवांची आहे असें कोणीं समजूं नये. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालीं झाली. सन १८०२ मध्यें विल्यम लॅम्ब्टन यांनीं मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून त्रिकोणांच्या साखळीनें सबंध देश मोजण्यास आरंभ केला. तत्त्व तुम्ही शाळेंत शिकतां तेंच : त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन ठाऊक असले कीं उरलेल्या बाजू काढतां येतात. लॅम्ब्टन यांचें हें काम वीस वर्षें चाललें, आणि तें करीत असतांनाच १८२३ सालीं वऱ्हाडाच्या शेजारीं, आजच्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें त्यांचा अंत झाला. त्यांची कबर तेथेंच आहे. पुढें याच सर्वेक्षणांतील गणिती राधानाथ सिकदार यांनीं दुरून घेतलेल्या वेधांवरून पंधराव्या क्रमांकाच्या एका शिखराची उंची १८५२ च्या सुमारास मांडिली. ती १८५६ मध्यें २९,००२ फूट अशी जाहीर झाली. तेंच एव्हरेस्ट शिखर होय. सन २०२० मध्यें नेपाळ व चीन यांनीं तीच उंची ८,८४८.८६ मीटर ठरविली. दोन्ही आंकडे एका मापांत आणून ताडून पाहा. अंतर अवघें नऊ मीटरांच्या आंतबाहेर भरतें. शिखरावर पाय न ठेवितां, कागद, लेखणी आणि सचोटी यांच्या बळावर एवढें साधलें!

आंकड्यांच्या बाजूचा इतिहासहि असाच बोधप्रद आहे. हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनची दैना उडाली. मान्सूनचें भाकीत आधीं कळावें ही त्या काळाची निकड होती. सन १९०४ मध्यें गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती या खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्रांत त्यांनीं पूर्वीं काम केलेलें नव्हतें. परंतु जगभरच्या वायुभाराचे, पावसाचे व उष्णतेचे आंकडे गोळा करून त्यांचा परस्परसंबंध त्यांनीं चिकाटीनें तपासला. त्यांतून पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणें आळीपाळीनें वरखालीं होतो असें दिसून आलें. यासच दक्षिणी दोलन म्हणतात, आणि आज ज्या एल् निनोचें नांव शेतकऱ्यांच्या तोंडीं आहे त्याचाच हा जोडीदार होय. या खात्याची कचेरी १९२८ मध्यें शिमल्याहून पुण्यास आली. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेंकर अद्यापि "शिमला ऑफिस" असेंच म्हणतात.

उपग्रह काय पाहतो?

आपले डोळे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचाच प्रकाश पाहतात. तांबड्याच्या पलीकडे अवरक्त किरण आहेत, ते आपणांस दिसत नाहींत. उपग्रहावरील यंत्रास दिसतात. निरोगी हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. पान रोगट झालें किंवा वाळलें कीं हा भेद कमी होतो. सन १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखालीं केरळांतील माडांचीं अवरक्त छायाचित्रें हेलिकॉप्टरमधून घेण्यांत आलीं, आणि रोगट माड निराळे ओळखूं आले. भारतांतील दूरसंवेदनाचा तो श्रीगणेशा होता. त्यानंतर ता. १७ मार्च १९८८ रोजीं आय्.आर्.एस्.-१ए हा नियमित कामाचा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह बैकानूर येथून अवकाशांत गेला.

या भेदाचें गणित सहावी-सातवींतील मुलासहि करतां येईल. अवरक्त परावर्तनांतून तांबडें परावर्तन वजा करावें, आणि त्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेनें भागावें. समजा, उभ्या पिकानें अवरक्त किरण शेंकडा ५० व तांबडे शेंकडा ८ परत फेंकले. वजाबाकी ४२, बेरीज ५८; भागाकार ०.७२ आला. शेजारच्या नांगरलेल्या रानानें अनुक्रमें ३० व २४ परत फेंकले. वजाबाकी ६, बेरीज ५४, भागाकार ०.११. म्हणजे आंकडा एकाजवळ गेला कीं हिरवळ दाट, आणि शून्याजवळ आला कीं रान उघडें. एवढ्याशा भागाकारावर आज जगांतील दुष्काळाची पाहणी, पिकांचे अंदाज आणि जंगलतोडीचा हिशेब चालतो.

आतां चित्राच्या बारीकपणाचा विचार करूं. उपग्रहाचें चित्र लहान चौकटींचें बनलेलें असतें. त्या चौकटीस पिक्सेल म्हणतात. यूरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांत सर्वांत बारीक चौकट १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरांची असते. आपल्या गुंठ्याचें क्षेत्र सुमारें १०१ चौरस मीटर आहे. म्हणजे एक पिक्सेल हा जवळजवळ एक गुंठा! चाळीस गुंठ्यांचा एकर चाळीस चौकटींत मावतो. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाची चौकट ३० मीटरांची, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांची असते. परंतु या मालिकेंतील पहिला उपग्रह १९७२ सालीं गेलेला असल्यामुळें पन्नासांहून अधिक वर्षांचा इतिहास तींत सांठला आहे, आणि २००८ पासून तो कोणासहि विनामूल्य पाहतां येतो. तुमच्या आजोबांच्या तरुणपणीं गांवच्या नदीचें पात्र कसें होतें हें तुम्हांस आज पाहतां येतें, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

अशा उपग्रहांस ढगांतून मात्र दिसत नाहीं, आणि आपल्याकडे संकटें येतात तीं नेमकीं पावसाळ्यांत. यावर उपाय रडारचा. रडार आपलेच तरंग सोडतें व परतलेले टिपतें. त्याला ढग किंवा अंधार आड येत नाहीं. भारत व अमेरिका यांनीं मिळून बनविलेला निसार हा उपग्रह ता. ३० जुलै २०२५ रोजीं, म्हणजे माळीणच्या घटनेस बरोबर अकरा वर्षें झालीं त्या दिवशीं, श्रीहरिकोट्याहून सोडण्यांत आला. बारा बारा दिवसांनीं त्याच जागेवरून जाऊन जमीन कांहीं सेंटिमीटरांनीं सरकली असली तरी ती ओळखण्याची त्याची योजना आहे.

डोळ्यांस न दिसणारें भूगर्भांतील पाणीहि आकाशांतून जोखतां आलें आहे. सन २००२ मध्यें ग्रेस या नांवाचे दोन उपग्रह एकामागून एक, सुमारें २२० किलोमीटरांवर, पृथ्वीभोंवतीं फिरूं लागले. खालील भूमीचें वस्तुमान कमीजास्त झालें कीं गुरुत्वाकर्षण किंचित् बदलतें, आणि दोहोंमधील अंतरहि बदलतें. त्यावरून २००९ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं राजस्थान, पंजाब आणि दिल्लीसह हरियाना या भागांतून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळांत सुमारें १०९ घन किलोमीटर भूजल नाहींसें झालें. विहिरीच्या तळाशीं उभा राहिलेला शेतकरी आपल्या विहिरीपुरतें जें जाणत होता, तें या आंकड्यानें सबंध प्रदेशाविषयीं सांगितलें.

आंकड्यांची परीक्षा

येथवर वाचून कोणाची अशी समजूत होईल कीं यंत्र सर्व कांहीं सांगतें, आपण फक्त ऐकावयाचें. हा मोठा भ्रम आहे, आणि विश्वविद्यालयांतील शिक्षणाचा अर्धा भाग हा भ्रम घालविण्यांत जातो.

सन १९८५ मध्यें फार्मन, गार्डिनर व शँक्लिन या तिघां ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर वसंतऋतूंत भयंकर विरळ होत असल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांचें साधन जमिनीवर ठेविलेलें एक जुनें यंत्र होतें, आणि त्यांचें बळ अनेक वर्षांच्या अखंड नोंदवहींत होतें. त्या काळीं आकाशांतून उपग्रहहि ओझोन मोजीत होता. परंतु इतके कमी आंकडे संशयास्पद समजून बाजूस काढण्याची व्यवस्था त्याच्या गणनापद्धतींत होती. मागाहून ते आंकडे तपासले, तेव्हां तोच खड्डा त्यांतहि दिसला. पुढें १९८७ मध्यें माँट्रियलचा करार झाला. बोध हा कीं, आपल्या अपेक्षेस न जुळणारा आंकडा खोटाच असतो असें नाहीं. तो आधीं तपासला पाहिजे.

दुसरें उदाहरण हिशेबाचें घेऊं. समजा, डोंगराळ भागांत १,००० वाड्या आहेत आणि त्यांपैकीं १० खरोखर धोक्याच्या आहेत. एका संगणकीय कार्यक्रमानें सर्वच वाड्या सुरक्षित म्हणून ठरविल्या. त्याचीं ९९० उत्तरें बरोबर आलीं. म्हणजे यश शेंकडा ९९! परीक्षेंत इतके गुण मिळाले तर आपण पेढे वांटूं. परंतु ज्या दहा वाड्यांसाठीं हा सारा खटाटोप, त्या दहाहि वाड्या त्यानें मृत्यूच्या तोंडीं ठेविल्या. म्हणून शेंकडेवारी ऐकतांच न भुलतां "चूक कोणाच्या माथीं पडली?" असें विचारण्याची संवय या विद्येंत लावून घ्यावी लागते.

शेवटची परीक्षा पायांची. उपग्रहावरून ऊस कोणता आणि ज्वारी कोणती हें ठरविलें, तरी कांहीं शेतांच्या बांधावर जाऊन स्वतः पाहिल्यावांचून तो नकाशा खरा मानीत नाहींत. यासच भूमिसत्य पडताळणें म्हणतात. जो विद्यार्थी केवळ खोलींत बसून नकाशा रंगवील आणि चिखलांत पाय घालण्यास कचरेल, त्यानें या वाटेस जाऊं नये हें बरें.

काय शिकावें लागतें, आणि कोठें?

या विद्येचीं दारें अनेक आहेत. भूगोल, भूशास्त्र, पर्यावरणशास्त्र, कृषि, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र किंवा स्थापत्य यांपैकीं एकांत प्रथम पदवी घ्यावी, आणि मग पदव्युत्तर वर्गांत भूमाहितीशास्त्र अथवा दूरसंवेदन हा विषय घ्यावा, हा सामान्य क्रम आहे. डेहराडून येथील भारतीय दूरसंवेदन संस्था १९६६ पासून या विषयाचें शिक्षण देत आहे. दूर राहणाऱ्यांसाठीं तिचे विनामूल्य ऑनलाइन वर्गहि असतात. मुंबईच्या आय्.आय्.टी.मध्यें संसाधन अभियांत्रिकीचें केंद्र आहे, आणि पुण्यांत सिंबायोसिसची भूमाहितीशास्त्राची संस्था आहे. अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठीं जी गेट परीक्षा होते, तींत २०२२ पासून भूमापनशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे.

वर्गांत शिकविले जाणारे विषय साधारणतः पांच प्रकारचे असतात. पहिला, गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविण्याचें गणित. हें नीट न जाणतां दोन नकाशे जुळविले तर नदी एकीकडे आणि तिच्यावरचा पूल दुसरीकडे पडतो. दुसरा, प्रकाश व तरंग यांचें भौतिकशास्त्र. तिसरा, संख्याशास्त्र. चौथा, संगणकास आज्ञा लिहून देण्याची भाषा. यासाठीं पायथॉन विशेष प्रचारांत आहे. पांचवा, ज्या वस्तूचा अभ्यास करावयाचा तिचें ज्ञान, मग ती नदी असो, जंगल असो, कीं शहराची हवा असो. हा पांचवा विषय पुष्कळ विद्यार्थी गौण समजतात. आमच्या मतें तोच प्रमुख होय. कारण यंत्रें व कार्यक्रम दर दहा वर्षांनीं बदलतात, नदीचा स्वभाव बदलत नाहीं.

पालकांस दोन शब्द

पोटाचा प्रश्न पालकांच्या मनांत प्रथम येतो, आणि तो योग्यच आहे. सर्वेक्षण, जलसंपदा, वन, कृषि व नगररचना या सरकारी खात्यांत, तसेंच विमा, वीज, रस्ते व शेती यांविषयीं काम करणाऱ्या खासगी संस्थांत या विद्येचा उपयोग होतो. तथापि केवळ एक संगणकीय कार्यक्रम चालविण्याचें प्रमाणपत्र घेऊन मोठें वेतन मिळेल अशी आशा कोणीं धरूं नये. गणित व संख्याशास्त्र पक्कें असेल त्याची चलती टिकेल. नुसत्या बटणें दाबणाऱ्याची टिकणार नाहीं. प्रवेश घेण्यापूर्वीं त्या त्या संस्थेंत स्वतः जाऊन प्रयोगशाळा पाहावी, पूर्वींचे विद्यार्थी कोठें काम करितात तें विचारावें, आणि मगच शुल्क भरावें. मुलीस रानावनांत हिंडावें लागेल म्हणून तिला या वाटेपासून परावृत्त करूं नये. आपल्याकडे पाण्याची घागर डोक्यावर घेऊन तीच मैल मैल चालली आहे, आणि झरा कधीं आटतो हें तिच्याइतकें कोणास ठाऊक?

आणखी एक गोष्ट. नकाशा ही सत्तेची वस्तु आहे. कोणाची जमीन पूररेषेच्या आंत पडली, कोणाची वाडी वनहद्दींत गेली, हें एका रेषेवर ठरतें, आणि त्या रेषेखालीं कुणाचें तरी घर असतें. म्हणून या विद्येच्या विद्यार्थ्यांत बुद्धीइतकाच प्रामाणिकपणा पाहिजे.

आजच काय करतां येईल?

विश्वविद्यालय अद्यापि दूर आहे म्हणून थांबण्याचें कारण नाहीं. या सुटींत विद्यार्थ्यांनीं पुढील अभ्यास करून पाहावा.

१. सरळ भिंतींचें एक भांडें उघड्या जागीं ठेवून पावसाळाभर रोज एकाच वेळीं पाऊस मोजावा व वहींत लिहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरावर एक लिटर पाणी. यावरून आपल्या घराच्या छपरावर वर्षांत किती पाणी पडलें तें काढावें.

२. आपल्या गांवांतील एक ओढा उगमाकडून मुखाकडे पायीं चालून पाहावा आणि पावलें मोजून त्याचा नकाशा काढावा. मग इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर तोच ओढा शोधून दोहोंतील भेद लिहावा.

३. क्यूजीआयएस हा विनामूल्य कार्यक्रम शाळेच्या संगणकावर घेऊन आपल्या तालुक्यांतील विहिरी, शाळा व रस्ते यांचा एक नकाशा करावा.

४. घरांतील वृद्ध मंडळींस विचारावें कीं तीस वर्षांपूर्वीं विहिरीस पाणी किती हातांवर लागे, आणि आज किती हातांवर लागतें. उत्तरें तारखेसह लिहून ठेवावीं.

हा चौथा अभ्यास सर्वांत सोपा वाटेल, पण तोच विलंबानें करण्याजोगा नाहीं. उपग्रहाची नोंद १९७२ पासूनची आहे. त्याच्या मागची नोंद या वडील माणसांच्या आठवणींत आहे, आणि ती दिवसेंदिवस कमी होत चालली आहे. ज्यानें ती आज लिहून ठेविली, त्यानें या विद्येचा पहिला धडा घेतला असें आम्ही समजूं.